जुनी पत्र्याची फायरप्लेस काढून पेलेट स्टोव्ह बसवताना

अमेरिकेत घराच्या खरेदी-विक्रीच्या वेळी चिमणीची तपासणी झाली की अहवालात एक मजकूर वारंवार आढळतो: फायरप्लेस, म्हणजे घर तापवायला भिंतीत बसवलेली लाकडाची शेगडी, कारखान्यात बनवलेली आहे, आतल्या फरशा तडकलेल्या आहेत, माथ्याचा पत्रा गंजलेला आहे, दुरुस्ती होईपर्यंत आग पेटवू नये. चिमण्यांसाठी तिथे जे 'एनएफपीए २११' नावाचे मानक पाळले जाते, त्यानुसार मालमत्ता हस्तांतरित होताना 'दुसऱ्या पातळीची' तपासणी करायची असते. तीत नळीत कॅमेरा सोडून आतली बाजू पाहतात, आणि त्यामुळे वर्षानुवर्षे कोणाच्या नजरेस न पडलेले दोष नेमके व्यवहाराच्या वेळी उघडे होतात. अहवाल वाचल्यावर मालकाच्या मनात जो विचार येतो तो साहजिक आहे. लाकडे फोडण्याचा आणि धुराचा त्रास नकोच, त्यापेक्षा दाबलेल्या भुशाच्या कांड्यांवर चालणारा एक पेलेट स्टोव्ह आणावा, चिमणी तर आहेच, नळी तेवढी जोडून घ्यावी.

सगळी अडचण 'चिमणी तर आहेच' या गृहीतकात आहे. जुनी चिमणी पेलेट स्टोव्हच्या कामाची नसते, स्टोव्हलाही तिची गरज नसते, आणि या कामातला खर्चाचा व कष्टाचा मोठा भाग स्टोव्हमागे राहिलेल्या पोकळीवर होतो. हे का, ते समजण्यासाठी आधी ती जुनी वस्तू नेमकी काय आहे हे पाहावे लागेल.

विटांची दिसते, पण पत्र्याची असते

फायरप्लेसचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. पहिली दगडविटांची, गवंड्याने जागेवर बांधलेली, स्वतःच्या पायावर उभी असलेली. दुसरी कारखान्यात तयार होऊन येणारी: पत्र्याची भट्टी, तिच्या आत उष्णता सोसणाऱ्या फरशा आणि वर एकात एक घातलेल्या पातळ धातूच्या नळ्यांची चिमणी. घर बांधताना सुतार ही भट्टी भिंतीच्या लाकडी चौकटीत ठेवतात, तिच्या कडेच्या पट्ट्या चौकटीला ठोकतात आणि मग त्यावर जिप्सम बोर्ड व शोभेचा दगड चढवतात. वेगळा पाया लागत नाही, वजन कमी आणि काम लवकर उरकते, म्हणून १९७० च्या दशकापासून अमेरिकी उपनगरांतल्या असंख्य घरांत हीच बसवली गेली. समोरून पाहणाऱ्याला ती दगडाचीच वाटते.

ओळख पटवायची असेल तर आधी घराबाहेर जावे. भिंतीला लावतात त्याच फळ्यांनी मढवलेला एक उभा लाकडी खोका छतापेक्षा वर गेलेला दिसेल, त्याच्या माथ्यावर पत्र्याचे सपाट झाकण असेल आणि त्यातून गोल नळी बाहेर डोकावत असेल. या खोक्याला बांधकामाच्या भाषेत 'चेस' म्हणतात. इथे त्याला खोकाच म्हणू. नंतर घरात येऊन विजेरीच्या उजेडात भट्टी पाहावी. तोंडाच्या वर आणि खाली हवेच्या फटी, विटांची नक्षी उमटवलेल्या फरशा, आणि एखाद्या कोपऱ्यात काजळीखाली दडलेली, निर्मात्याचे नाव व मॉडेल क्रमांक असलेली धातूची पट्टी. ही पट्टी सापडली तर पुसून तिचे छायाचित्र घ्यावे, कारण पुढे तपासनीस, विक्रेता आणि नगरपालिका हे तिघेही तोच क्रमांक विचारणार आहेत.

सुटे भाग नाहीत, एकच संच

पत्र्याची भट्टी लाकडी चौकटीच्या इतकी जवळ ठेवता येते, ती तिच्याभोवती खेळणाऱ्या हवेमुळे. भट्टीला दुहेरी कवच असते आणि मधल्या पोकळीतून हवा फिरत राहते. अशा अनेक चिमण्यांतही आतल्या नळीतून धूर वर जातो आणि बाहेरच्या पोकळीतून थंड हवा फिरते. ही हवा अडली की बाहेरचा पत्रा तापतो, आणि त्या पत्र्यापासून जेमतेम काही इंचांवर लाकूड असते.

म्हणूनच या फायरप्लेसची चाचणी तुकड्यातुकड्याने होत नाही. 'यूएल १२७' या मानकाखाली भट्टी, चिमणीचे तुकडे, आधार आणि माथ्यावरची टोपी हे सारे एकत्र उभारून, आत आग पेटवून आसपासच्या लाकडाचे तापमान मोजतात. चाचणी उत्तीर्ण झालेल्या संचाला 'लिस्टेड' म्हणतात, आणि ही मान्यता त्या संचापुरतीच असते. प्रेशर कुकरचे झाकण, रिंग आणि शिट्टी ज्या मापाची बनवलेली असते तीच लागते, दुसऱ्या कुकरचे झाकण बसल्यासारखे वाटले तरी त्याच्या भरवशावर कोणी वाफ कोंडत नाही. इथेही नेमके तसेच आहे. काचेचे दारसुद्धा त्या मॉडेलसाठी मान्य नसेल तर लावता येत नाही, कारण दार हवेचा हिशेब बदलते.

आता काळाचा परिणाम पाहा. माथ्यावरच्या झाकणाला उतार कमी असेल तर पाणी साचते, पत्रा गंजतो, आणि पाणी खोक्याच्या आतून झिरपत थेट भट्टीच्या टपावर येते. फरशांना रुंद भेगा पडल्या की मागचा पातळ पत्रा आगीसमोर उघडा पडतो. वर्षानुवर्षे तापत राहिलेल्या लाकडाची घडण हळूहळू बदलत जाते आणि ते पूर्वीपेक्षा कमी तापमानाला पेट घेऊ शकते. त्यामुळे इतकी वर्षे काही झाले नाही, हा युक्तिवाद इथे उलटा लागू पडतो. दुरुस्ती करावी म्हटले तर अनेक निर्मात्यांनी ती मॉडेल केव्हाच बंद केलेली असतात, काही कंपन्याच उरलेल्या नसतात, आणि मान्य सुटा भाग मिळत नसेल तर तो संच नियमाप्रमाणे दुरुस्त करता येत नाही.

इथे साधा लाकडाचा स्टोव्ह जोडता येईल का, असे काहीजण विचारतात. येणार नाही. बंद स्टोव्हच्या चिमणीसाठी अमेरिकेत 'यूएल १०३ एचटी' हा वेगळा दर्जा आहे. नळीतला काजळीचा डांबरी थर पेटला तर निभाव लागावा म्हणून त्या चाचणीत चिमणीला २१०० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ११५० अंश सेल्सियस, इतकी उष्णता दहा दहा मिनिटे सोसावी लागते. उघड्या फायरप्लेसची हवेने थंड होणारी चिमणी या कामासाठी बनलेलीच नसते.

पेलेट म्हणजे काय आणि स्टोव्ह कसा चालतो

पेलेट म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या बारीक कांड्या. जाडी साधारण पाव इंच, लांबी इंच-दीड इंच. भुसा वाळवून साच्यातून प्रचंड दाबाने ढकलला की लाकडातलेच लिग्निन नावाचे द्रव्य उष्णतेने मऊ होऊन कणांना धरून ठेवते. चांगले वाळलेले जळाऊ लाकूडही सुमारे २० टक्के ओलसर असते, पेलेटमध्ये मात्र ओलावा सामान्यतः आठ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. जळताना पाण्याची वाफ करण्यात उष्णता वाया जात नाही, आणि प्रत्येक कांडी दुसरीसारखी असल्यामुळे यंत्राला ती मोजून घालता येते. घरगुती पेलेट स्टोव्ह १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, तेलटंचाईची आठवण ताजी असताना, वॉशिंग्टन राज्यात जेरी व्हिटफील्ड या विमान-अभियंत्याने आकाराला आणला.

स्टोव्हच्या मागे किंवा वर हॉपर, म्हणजे पेलेट ओतायचा कप्पा असतो. त्यात मॉडेलप्रमाणे ३५ ते १३० पौंड पेलेट मावतात. एक मोटर मळसूत्रासारखा दांडा थांबूनथांबून फिरवते आणि मूठभर मूठभर कांड्या एका लहानशा भोकांच्या वाटीत पडतात. तिथे विजेची कांडी तापून त्यांना पेटवते. एक पंखा वाटीतून हवा ओढून धूर बाहेर ढकलतो, दुसरा खोलीतली हवा तापलेल्या नळ्यांवरून फिरवून परत खोलीत सोडतो. थर्मोस्टॅट सांगेल तितकेच इंधन पडते. आग कायम लहान आणि हवा भरपूर, म्हणून लाकूड जवळजवळ पूर्ण जळते.

उघड्या फायरप्लेसशी तुलना केली तर फरक स्पष्ट होतो. तिथे आग खोलीतलीच तापलेली हवा मोठ्या प्रमाणात ओढून चिमणीतून बाहेर घालवते, आणि तेवढीच थंड हवा खिडक्या-दारांच्या फटींतून घरात शिरते. इंधनातल्या उष्णतेपैकी दहा टक्क्यांच्या आसपासच खोलीला मिळते, कडाक्याच्या थंडीत तर घराचा बाकीचा भाग आग पेटल्यावर आणखी गार पडतो. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने पेलेट उपकरणांची ज्वलनक्षमता ७० ते ८३ टक्के सांगितली आहे.

नळी लहान का पुरते

चिमणीचे काम नैसर्गिक ओढीवर चालते: गरम धूर हलका, म्हणून तो वर जातो आणि मागून हवा ओढतो. त्यासाठी उंची लागते, रुंदी लागते आणि धूर भरपूर गरम असावा लागतो. पेलेट स्टोव्हचा धूर त्या मानाने थंड असतो, कारण त्यातली उष्णता आधीच काढून घेतलेली असते, आणि त्याला पंखा ढकलतो. म्हणून तीन किंवा चार इंचांची दुहेरी नळी पुरते, आणि ती भिंतीतून सरळ बाहेरही काढता येते. हीच नळी सात-आठ इंचांच्या जुन्या चिमणीत नुसती सोडून दिली तर रुंद, थंड पोकळीत धुराचा वेग मरतो, बारीक राख साचते, ओलावा धरतो आणि पत्रा आणखी गंजतो.

ढकलण्याचा एक दुसरा परिणाम आहे, आणि तो फारसा कोणी समजावून सांगत नाही. साध्या चिमणीत आतला दाब खोलीपेक्षा कमी असतो, त्यामुळे सांध्यात बारीक फट असली तरी हवा आत ओढली जाते. पेलेटच्या नळीत दाब जास्त असतो. फट असेल तर धूर, आणि त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड, खोलीत येतो. म्हणून पेलेटसाठी मान्य असलेलीच नळी वापरायची, प्रत्येक सांधा निर्मात्याने सांगितल्याप्रमाणे बंद करायचा, आणि घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावायचा. हा अलार्म ऐच्छिक समजू नये.

तीन वाटा

पहिली वाट 'इन्सर्ट'ची. जुन्या भट्टीच्या तोंडात बसेल असा पेलेट स्टोव्ह मिळतो. तो घेण्यापूर्वी त्याच्या पुस्तिकेत 'कारखान्यात बनवलेल्या फायरप्लेससाठी मान्य' असे स्पष्ट लिहिलेले आहे का ते पाहावे. फक्त दगडविटांच्या फायरप्लेसचा उल्लेख असेल तर तो इथे चालणार नाही. मान्य असला तरी भट्टीचा पत्रा कापता येत नाही, थंड हवेच्या फटी बुजवता येत नाहीत, आणि स्टोव्हपासून माथ्यापर्यंत स्टेनलेस स्टीलची अखंड नळी घालावी लागते. शिवाय ही फायरप्लेस आता लाकडाच्या आगीसाठी वापरू नये, अशा अर्थाची पाटी कायमची लावण्यास सहसा सांगतात. या सगळ्याच्या आधी एक अट आहे: जुनी भट्टी आणि चिमणी धड असली पाहिजे. अहवालात गंज आणि भेगा आल्या असतील तर ही वाट तिथेच संपते.

दुसरी वाट म्हणजे जुनी फायरप्लेस बंद करून दुसऱ्या बाहेरच्या भिंतीपाशी सुटा स्टोव्ह उभा करणे. खर्च सर्वांत कमी, पण गंजलेला खोका आणि त्यातून झिरपणारे पाणी तसेच राहते, आणि बैठकीच्या मधोमध एक निरुपयोगी भोक उरते. माझ्या मते ही तडजोड तात्पुरती म्हणून ठीक आहे, पण ती केल्यावर निदान माथ्याचे झाकण तरी नवे करून घ्यावे.

तिसरी वाट म्हणजे जुने सगळे काढून त्या कोनाड्यात नवा स्टोव्ह बसवणे. जुना संच निकामी ठरला असेल तर मला हीच योग्य वाटते, आणि तिच्यातल्या कामाचा अंदाज सर्वांत जास्त चुकतो, म्हणून ती सविस्तर पाहू.

काढल्यावर मागे काय उरते

भट्टीच्या कडा जिप्सम बोर्डाच्या आत ठोकलेल्या असतात, त्यामुळे दर्शनी दगड न फोडता ती बाहेर येत नाही. फोडण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. लाकडे पेटवायला गॅसची नळी आणलेली असेल तर ती परवानाधारक माणसाकडून बंद करून घ्यावी. आणि घर १९७० च्या दशकातले किंवा त्याआधीचे असेल तर अ‍ॅस्बेस्टॉसची तपासणी करावी. भिंतीच्या सांध्यांत भरायच्या लुकणातच नव्हे, तर शोभेसाठी पसरायच्या खोट्या निखाऱ्यांत आणि राखेतही ते वापरले जाई, आणि अमेरिकेत या दोन्ही वस्तूंवर १९७७ मध्ये बंदी आली.

चिमणीचे तुकडे वरून खाली उतरवल्यावर जे दिसते ते अनेकांना धक्का देते. खोका आतून बहुधा नुसता लाकडी सांगाडा असतो: फळ्या, त्यांमागे पातळ बोर्ड आणि मग थेट हिवाळा. कित्येक घरांत खोक्याचा तळ पायाच्या बाहेर अधांतरी काढलेला असतो आणि त्याखाली उष्णतारोधक थर नसतो. प्रत्येक मजल्याच्या छतात चिमणीएवढे भोक असते. आग लागल्यास ती याच वाटेने वर जाऊ नये म्हणून तिथे पत्र्याचा आगरोधक बसवलेला असतो, आणि चिमणी निघाली की त्याच्या मधले भोक उघडे पडते. इतकी वर्षे घरातली ऊब याच पोकळीतून वर निघून जात होती.

म्हणून कामाचा क्रम असा असतो. आधी वरचा निर्णय: खोका ठेवायचा की छताच्या पातळीखाली कापून छत सांधायचे. खोका धड असेल आणि नवी नळी उभी न्यायची असेल तर तो ठेवून माथ्यावर उतार असलेले नवे झाकण घालता येते. नळी भिंतीतून आडवी जाणार असेल तर खोका उतरवून टाकणे मला अधिक पटते, कारण पाणी शिरण्याची एक जागाच नाहीशी होते. मात्र छताची आवरणे आणि सांध्याचे पत्रे नीट जुळवण्यासाठी हे काम छतवाल्याकडेच द्यावे. त्यानंतर तळाला, बाहेरच्या भिंतींना आणि वरच्या छताला उष्णतारोधक थर भरायचा, हवेची गळती बंद करायची, मजल्यांमधली भोके नव्या नळीच्या मापाच्या आगरोधकाने झाकायची आणि आतून जिप्सम बोर्ड लावायचा. भट्टीच्या वरची आडवी तुळई भार वाहणारी असू शकते. स्टोव्ह बसत नाही म्हणून ती कापण्याचा मोह टाळावा.

आता तो कोनाडा एक साधी, उबदार भिंत झालेला असतो. त्यात स्टोव्ह बसवताना पुस्तिकेतला 'अल्कोव्ह', म्हणजे कोनाड्यासाठी वेगळा दिलेला, अंतरांचा तक्ता पाहावा. उघड्या खोलीत मागे दोन-तीन इंच पुरणारा स्टोव्ह तिन्ही बाजूंनी बंद जागेत जास्त मोकळीक मागतो, आणि काही मॉडेलना तिथे परवानगीच नसते. खाली न जळणारी फरशी पुस्तिकेत सांगितलेल्या मापाची हवी. आणखी एक गोष्ट अनेकदा विसरली जाते: कोनाड्यात विजेचा सॉकेट नसतो. भिंत बंद करण्यापूर्वी तो बसवून घ्यावा.

नळी भिंतीतून की उभी

भिंतीतून सरळ बाहेर नेलेली नळी स्वस्त असते आणि साफ करायला सोपी. पण ती बाहेर कुठे उघडते यावर कडक नियम असतात. उघडणाऱ्या खिडकीपासून बाजूला व खाली सहसा चार फूट अंतर मागितले जाते. शिवाय भिंतीवर हळूहळू काजळीचा पट्टा उमटतो. उभी नळी महाग पडते, पण तिला थोडी नैसर्गिक ओढ मिळते, आणि वीज जाऊन पंखा थांबला तर वाटीतला उरलेला धूर तिच्यातून आपोआप वर जातो. म्हणून आडवी नळी काढायची असली तरी आधी ती काही फूट उभी नेऊन मग वळवण्याचा सल्ला निर्माते देतात, आणि तो मानावा. लांबी वाढली, वळणे वाढली किंवा घर खूप उंचीवरच्या गावात असले तर तीनऐवजी चार इंचांची नळी लागते. हा हिशेब पुस्तिकेत तक्त्याने दिलेला असतो.

स्टोव्हला जळण्यासाठी हवाही लागते. ती खोलीतून घेतली तर जुन्या फायरप्लेसचाच दोष लहान प्रमाणात परत येतो. म्हणून बाहेरून हवा आणणारी दोन-तीन इंचांची वेगळी नळी जोडता येते. घट्ट बांधलेल्या घरांत, आणि स्वयंपाकघरात जोरदार पंखा असेल तिथे, ती जोडणेच बरे. कारखान्यात बनवून आणलेल्या फिरत्या घरांमध्ये (मोबाइल होम) तर ती सक्तीची आहे.

वीज गेली तर?

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला गोड उत्तर नाही. मळसूत्र, पंखे आणि नियंत्रक विजेवर चालतात; वीज गेली की उष्णता थांबते. ऊर्जा विभागाच्या अंदाजाप्रमाणे नेहमीच्या वापरात महिन्याला सुमारे १०० युनिट वीज लागते, म्हणजे चालू असताना मागणी फार नसते, पेटण्याच्या काही मिनिटांत मात्र ती बरीच वाढते. बॅटरीचा आधार घेता येतो, पण त्या उपकरणातून शुद्ध साइन लहरीची वीज निघते याची खात्री करावी, नाहीतर नियंत्रकाचे पटल बिघडू शकते. बर्फवादळात दिवसचे दिवस वीज जाणाऱ्या भागात राहणाऱ्यांनी एकमेव आधार म्हणून पेलेट स्टोव्हवर विसंबू नये. तिथे नव्या 'एचटी' चिमणीसह लाकडाचा स्टोव्ह अधिक शहाणपणाचा ठरतो.

स्वस्त पडतो का?

उत्तर आपण आज कशाने घर तापवतो यावर आहे, आणि ते स्वतः काढता येते. अमेरिकेत पेलेट ४० पौंडांच्या पोत्यांत मिळतात आणि ५० पोत्यांचा एक अमेरिकी टन, म्हणजे २,००० पौंड, होतो. एका पौंडात सुमारे ८,००० बीटीयू (उष्णता मोजायचे तिथले एकक) उष्णता असते, म्हणजे टनात १ कोटी ६० लाख. स्टोव्हची क्षमता ७५ टक्के धरली तर खोलीत १ कोटी २० लाख बीटीयू येतात. एवढीच उष्णता मिळवायला सगळे घर तापवणाऱ्या ८५ टक्के क्षमतेच्या यंत्रात सुमारे १०० गॅलन हीटिंग ऑइल लागते, ९० टक्के क्षमतेच्या यंत्रात १४५ गॅलन प्रोपेन किंवा १३३ थर्म (वायूच्या बिलावरचे एकक) नैसर्गिक वायू लागतो, साध्या विजेच्या हीटरला ३,५०० युनिट लागतात आणि एका युनिट विजेवर तीन युनिट उष्णता देणाऱ्या हीट पंपाला सुमारे १,१७० युनिट.

आपल्या बिलावरचा दर या आकड्यांना गुणावा आणि टनाच्या भावाशी ताडून पाहावा. प्रोपेन, तेल किंवा साधा हीटर वापरणाऱ्यांना पेलेट बहुधा परवडतो. नैसर्गिक वायूची जोडणी किंवा चांगला हीट पंप असेल तर केवळ बचतीसाठी हा खटाटोप करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. स्टोव्ह ज्या खोलीत आहे ती खोली तापवतो, दूरच्या झोपायच्या खोल्यांपर्यंत ऊब आपोआप जात नाही, हेही हिशेबात धरावे. संघीय कर-सवलत मात्र आता धरू नये: किमान ७५ टक्के क्षमतेच्या उपकरणांना खर्चाच्या ३० टक्के, कमाल २,००० डॉलर अशी जी सवलत मिळत होती, ती ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या उपकरणांना लागू नाही. काही राज्यांच्या आणि स्थानिक योजना वेगळ्या असतात, त्यांची चौकशी करावी.

धूर होतच असेल ना?

होतो, पण किती ते मोजलेले असते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, १९८८ मध्ये लाकडाच्या स्टोव्हवर मर्यादा घातली तेव्हा भरपूर हवा घेणारे बरेच पेलेट स्टोव्ह त्या नियमाबाहेर राहिले होते. २०१५ च्या नियमाने त्यांनाही आत घेतले, आणि १५ मे २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या स्टोव्हला तासाला २ ग्रॅम सूक्ष्म कणांची मर्यादा आहे. उघड्या फायरप्लेसवर अशी सक्तीची संघीय मर्यादा नाही, आणि तिचा धूर यापेक्षा कितीतरी जास्त असतो. दम्याचा रुग्ण घरात किंवा शेजारी असेल तर मात्र कमी धूर आणि धूरच नाही यांतला फरक विसरू नये.

देखभाल किती?

लाकडे फोडण्याचे श्रम वाचतात, पण त्यांच्या जागी साफसफाई येते. वाटीची भोके बुजली की आग पिवळी, लोंबती आणि काजळी धरणारी होते. नीट जळणारी ज्वाळा आखूड, चपळ आणि उजळ असते. काचेतून हा फरक नजरेला लगेच कळतो, आणि यंत्राचे आरोग्य सांगणारी याहून चांगली खूण नाही. वाटी दररोज किंवा दिवसाआड खरवडायची, राखेचा कप्पा आठवड्याने रिकामा करायचा, आणि हंगामात निदान एकदा नळी, पंख्याची पाती व आतले मार्ग पूर्ण साफ करायचे. राख उपसायला साधा व्हॅक्यूम वापरू नये; त्यातला एखादा जिवंत निखारा पिशवी पेटवू शकतो.

इंधनाचा दर्जा इथे थेट जाणवतो. पेलेट फ्यूएल्स इन्स्टिट्यूटच्या प्रमाणकानुसार 'प्रीमियम' पेलेटमध्ये राख एक टक्क्याच्या आत असावी लागते, 'स्टँडर्ड'मध्ये दोन टक्क्यांपर्यंत चालते. एक टक्का फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण तो राखेच्या दुपटीचा आहे. पोती कोरड्या जागी ठेवावीत. एकदा पाणी लागले की कांड्या फुगून पुन्हा भुसा होतो आणि मळसूत्रात अडकला तर दगडासारखा घट्ट बसतो.

स्वतः करता येईल का?

फोडाफोडी, उष्णतारोधक थर आणि जिप्सम बोर्ड हे हाताला सवय असलेल्या माणसाला जमण्यासारखे आहे. नळी आणि स्टोव्हची जोडणी मात्र नॅशनल फायरप्लेस इन्स्टिट्यूटचे पेलेटसाठीचे प्रमाणपत्र असलेल्या माणसाने करावी, असे मी आग्रहाने सांगेन. बहुतेक ठिकाणी परवाना लागतो, आणि विमा कंपनीला काम सुरू होण्यापूर्वी लेखी कळवलेले बरे. वापरलेला स्टोव्ह घ्यायचा झाला तर मागची मान्यतेची पट्टी आणि मूळ पुस्तिका दोन्ही असतील तरच घ्यावा, कारण तपासनीस अंतरे आणि नळीची मापे त्या पुस्तिकेवरूनच पडताळतो.

परवाना हाती आल्यावर तपासनीस कोणकोणत्या टप्प्यांवर येणार, ते आधीच विचारून घ्यावे. मजल्यांतले आगरोधक, नळीचे आधार आणि लाकडापासूनची अंतरे भिंत उघडी असतानाच दिसतात. बोर्ड लावून रंग दिल्यानंतर तो आला तर ती भिंत पुन्हा फोडावी लागते.